स्पीकरची जोडी बदलताना

तंबोरा घ्यायचा असला की आपला माणूस मिरजेची वाट धरतो. दहा भोपळे वाजवून पाहतो, तारा चढवून घेतो, जवारी काढून घेतो, आणि एवढे करूनही मनाजोगता नाद सापडला नाही तर हात हलवीत परत येतो. डग्ग्याची पुडी निवडतानाही हीच चिकाटी. मात्र ज्या साधनातून घरची मंडळी वर्षाचे तीनशे दिवस गाणे ऐकतात, त्या स्पीकरांची निवड अर्ध्या तासात उरकते. दुकानदाराने मोठ्याने लावलेले एखादे चित्रपटगीत, पेटीच्या लाकडाचा रंग, आणि "साहेब, यातला बास बघा!" हे त्याचे आर्जव, एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. पुढची वीस वर्षे त्या व्यवहाराचे फळ घरातल्या सर्वांचे कान भोगीत राहतात.

सुरतेत गायनाचे वर्ग घेत असल्यामुळे या बाबतीत सल्ला देण्याचा प्रसंग माझ्यावर वरचेवर येतो. इथल्या मराठी घरांचा पूर्वेतिहास वाचकांना ठाऊकच आहे. सोनगड, व्यारा, नवसारी हा मुलूख १९४९ पर्यंत बडोदे राज्याचा. त्या प्रांतात नोकरीनिमित्त आलेली कितीतरी कुटुंबे पुढे सुरतेत स्थिरावली, आणि येताना गाण्याची आवड घेऊन आली. ज्या बडोद्यात १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा उघडली, ज्या बडोद्यात फैयाजखाँसाहेबांनी १९५० मध्ये देह ठेवला, त्या बडोद्याशी ज्यांचे सोयरसंबंध, त्यांच्या कपाटात अब्दुल करीमखाँ, हिराबाई, बालगंधर्व यांच्या तबकड्या नसतील तरच नवल. तबकड्यांमागून टेपरेकॉर्डर आला, कॅसेट आल्या, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत कधीतरी ऐपतीप्रमाणे स्पीकरची एक जोडी आली. त्या काळी परदेशी मालावर जबर जकात होती, त्यामुळे बहुतेक घरांत देशी जोडीच असे. कलकत्त्याच्या सोनोडाइनची किंवा कॉस्मिकची. तीच जोडी आज थकली आहे, आणि नातवंडे म्हणताहेत, बदला.

बदलण्यापूर्वी ती खरोखरच थकली आहे काय, हे पाहिले पाहिजे. स्पीकरची रचना तशी साधी. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघा अभियंत्यांनी जो नमुना सिद्ध केला, तोच आजही घरोघर आहे. एक लोहचुंबक, त्याच्या फटीत तारेचे लहानसे वेटोळे, आणि त्या वेटोळ्याला जोडलेला कागदाचा शंकू. वेटोळ्यातून विजेचा प्रवाह जातो तसा शंकू पुढेमागे हलतो आणि हवा हलवतो. शंकूच्या काठाला एक लवचीक कड असते. ही कड कापडाची किंवा रबराची असली तर दीर्घकाळ टिकते; फोमची असली तर दहा-वीस वर्षांत तिची भुकटी होते. फोमचे वैर दमट हवेशी, आणि सुरतेच्या हवेत दमटपणाला काय तोटा? तेव्हा जाळी काढून कडेला हलकेच बोट लावावे. बोटाला काळा चिकट चुरा लागला, तर आवाज फाटण्याचे कारण तेच. शंकू, चुंबक, पेटी शाबूत असतील तर नवी कड बसवून ती जोडी आणखी बरीच वर्षे गाऊ शकते. हे काम करणारे कारागीर सुरतेत आहेत. मात्र नवरात्राच्या तोंडावर त्यांच्याकडे जाऊ नये. गरब्याच्या मंडपातले भले थोरले स्पीकर तेव्हा त्यांच्या दारात ओळीने उभे असतात, आणि आपली ती दोन फुटांची पेटी कोपऱ्यात पडून राहते.

ज्या पेट्यांत पाणी शिरले त्यांची गोष्ट निराळी. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा मोठा भाग बुडाला. तळमजल्यावर ज्यांचे दिवाणखाने होते, त्यांच्या पेट्यांच्या भुशाच्या फळ्या पाण्याने फुगल्या आणि कागदी शंकू लगदा होऊन बसले. अशा जोडीला दुरुस्ती नाही. ज्यांचे सामान मेडीवर होते त्यांच्या जोड्या वाचल्या. आज बदलण्याचा प्रश्न येतो तो बहुतेक त्यांच्याचकडे.

आता जोडी बदलायचीच असे ठरले, तर पहिली अडचण आपला कानच. वीस-पंचवीस वर्षे एकाच जोडीवर गाणे ऐकले म्हणजे तिचा रंग हाच गाण्याचा रंग वाटू लागतो. चष्म्याची काच किंचित पिवळी असली तरी काही दिवसांनी कागद पांढराच दिसतो, तसे हे आहे. म्हणून नवी जोडी कितीही चांगली असली तरी पहिल्या दिवशी ती परकीच वाटते. जुन्या जोडीत खालचे स्वर फुगलेले असतील तर नवी फिकी वाटेल. जुनीत वरचे स्वर दबलेले असतील तर नवी कर्कश वाटेल. तेव्हा जुन्या जोडीशी तुलना करून नवी निवडणे हा मार्गच चुकीचा. तुलना करायची ती जिवंत आवाजाशी.

ही कल्पना काही माझी नव्हे. इंग्लंडात गिल्बर्ट ब्रिग्ज या गृहस्थांनी १९३२ मध्ये व्हार्फडेल नावाने स्पीकर बनवायला आरंभ केला. या गृहस्थांनी १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये भर सभेत वादकांना रंगमंचावर बसवले, आणि त्यांचे प्रत्यक्ष वादन व त्याच वादनाचे मुद्रण एकापाठोपाठ एक ऐकवून लोकांनाच निवाडा करायला लावला. आपल्या घरात फेस्टिव्हल हॉल नाही, पण तंबोरा आहे. तो जुळवून खोलीत छेडावा, भ्रमणध्वनीवर का होईना त्याचे मुद्रण करावे, आणि ज्या दोन-तीन जोड्या विचारात असतील त्यांच्यावर आलटून पालटून लावून, मधून मधून खरा तंबोरा पुन्हा छेडावा. घरातल्याच कुणाचे चार वाक्यांचे बोलणेही असेच मुद्रित करून लावावे. ज्या माणसाशी आपण रोज बोलतो त्याचा आवाज कुठे नाकात गेला, कुठे पिंपात शिरला, हे कानाला तत्काळ कळते. बीबीसीचे अभियंतेही आपले स्पीकर पारखताना माणसाच्या साध्या बोलण्यावर मोठी भिस्त ठेवीत. भ्रमणध्वनीचा मायक्रोफोन काही राजेशाही नव्हे, हे खरे. पण त्याचे दोष सर्व जोड्यांना सारखेच लागू होतात, म्हणून तुलनेपुरते ते चालते.

तंबोऱ्याचा आग्रह मी का धरतो ते थोडे विस्ताराने सांगतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपने. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ वर. लहान पेटीतून इतका खालचा स्वर नीट बाहेर पडत नाही. गंमत अशी की, तरीही तो आपल्याला ऐकू येतो! खर्जाच्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही निघतात, आणि तेवढे जरी कानावर पडले तरी न आलेला मूळ स्वर मेंदू आपणहून भरून काढतो. एवढ्याशा ट्रान्झिस्टरवर आपण भीमसेन जोशींचा खर्ज ऐकत आलो तो याच बळावर. स्वर ओळखता येतो, पण त्याचे वजन येत नाही. फैयाजखाँसाहेबांच्या आलापीचे वजन ज्यांना घरात हवे, त्यांनी फार लहान पेटीच्या मोहात पडू नये.

दुसरी गोष्ट जवारीची. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठावर तार टेकत-उचलत राहते, मध्ये सुताचा दोरा असतो, आणि त्यातून उपस्वरांची जी झळाळी उठते तिला आपण जवारी बोलली असे म्हणतो. या चमत्काराची शास्त्रीय मीमांसा सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये केली. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह, तबला-मृदंगाच्या शाईमुळे चामड्याच्या वाद्यातूनही सुरेल उपस्वर कसे निघतात ते जगापुढे मांडले होते. ही झळाळी म्हणजे वरच्या कंपनांचा खेळ. स्पीकरमध्ये ती ट्वीटरकडे, म्हणजे वरच्या लहान पडद्याकडे सोपवलेली असते, आणि मोठ्या शंकूकडून लहान पडद्याकडे काम जाते तो सांधा नेमका उपस्वरांच्या मुलखात असतो. सांधा बेमालूम असेल तर तंबोरा एक वाद्य वाटतो. नसेल तर भोपळा एकीकडे घुमतो आणि जवारी दुसरीकडे खणखणते, जणू दोन वाद्ये वाजताहेत. इतकी कडक परीक्षा दुसरे कुठलेही वाद्य घेत नाही.

डग्ग्याचे तसेच. बोटे वाजवतात आणि मनगट दाबून स्वर वर चढवते. ती घसीट अखंड ऐकू आली पाहिजे. पुष्कळ पेट्यांना पुढे किंवा मागे एक भोक असते. त्यातून पेटीतली हवा घुमून खालचा स्वर मोठा वाटतो, लहान पेटीतूनही भरदार आवाज निघतो, आणि गिऱ्हाईक खूश होते. पण अशी पेटी नीट जमवलेली नसली तर ती आपल्याच एका ठरावीक स्वरावर घुमते, आणि मग घसीट कुठेही फिरली तरी "धुम्म" हा एकच उद्गार. बंद पेटीची पद्धत अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये रूढ केली. तिचा खालचा आवाज सावकाश ओसरत जातो, दिखाऊपणा कमी, पण बोल स्पष्ट. भोकाच्या सर्वच पेट्या वाईट असे मुळीच नाही. तरीही ख्याल ऐकणाऱ्या घरात मी बंद पेटीकडे झुकतो.

दुकानात जाताना एक खूणगाठ बांधून जावे. दोन जोड्यांपैकी जी किंचित मोठ्याने वाजते ती कानाला नेहमी अधिक चांगली वाटते. फरक इतका थोडा असला की तो मोठेपणा म्हणून जाणवतही नाही, तरी कौल तिलाच मिळतो. म्हणून दोन्हींचा आवाज एकाच पातळीवर आणायला लावल्यावाचून निर्णय देऊ नये. शिवाय वॅटच्या आकड्यांना भुलू नये. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. तेव्हा पन्नास वॅट आणि शंभर वॅट यांतला फरक बैठकीत कळेल न कळेल एवढाच. विक्रेत्याला हे आवडत नाही. त्याच्याकडे गरब्याचे ढोल लावून ठेवलेले असतात आणि आपण काढतो विलंबित एकताल! तो बिचारा पाच मिनिटांत घड्याळ पाहू लागतो. शक्य असेल तर चार दिवस पेट्या घरी आणून ऐकण्याची परवानगी मागावी. अनामत ठेवून देणारे दुकानदार भेटतात.

कारण शेवटी खोली हेही एक वाद्यच आहे. आठ फूट रुंदीच्या खोलीत, दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जो स्वर सर्वांत आधी घुमतो तो सेकंदाला सत्तरच्या आसपास. म्हणजे काळी एकच्या तंबोऱ्याचा नेमका खर्ज! जुन्या सुरतेतली अरुंद, खोल घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. अशा खोलीच्या कोपऱ्यात पेट्या ठेवल्या की खर्ज हत्तीसारखा अंगावर येतो, आणि दोष मात्र स्पीकरला मिळतो. पेट्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढाव्यात, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. फरशी आणि उघड्या भिंती यांमुळे जो कलकलाट होतो त्याला कापडासारखा उपाय नाही, आणि सुरतेने कापडाची वाण सांगावी काय? एक जाड पडदा, खाली सतरंजी, मागे एखादी गादी, एवढ्याने जे काम होते ते दुप्पट किमतीची जोडी घेऊनही होत नाही. ज्यांच्या शेजारी माग चालतात त्यांना खिडकी बंद करण्याला पर्याय नाही. त्या खटखटीत जवारी केव्हाच बुडून जाते.

राहता राहिला झोपाळा. गुजरातेत राहून झोपाळा नाही असे घर नाही, आणि घरातला खरा श्रोता नेमका त्याच्यावर बसलेला असतो. दोन स्पीकरांच्या मधोमध गायक उभा राहतो तो ऐकणारा एका जागी बसला तर. झोके घेत ऐकणाऱ्याचा गवईही झोके घेतो. यावर शास्त्राकडे तोडगा नाही. मीही सुचवण्याच्या भानगडीत पडत नाही.

किमतीला वरची मर्यादा नाही. बॉवर्स अँड विल्किन्स या इंग्रज कंपनीने २००५ पासून आपल्या सर्वांत महागड्या मालिकेत ट्वीटरचा पडदा चक्क हिऱ्याचा केला. तो खाणीतला नव्हे. वायूतून थर चढवून वाढवलेला. याच पद्धतीने सुरतेच्या कारखान्यांत आज प्रयोगशाळेतले हिरे तयार होत आहेत, तेव्हा उद्या कुणी सुरतकर हा उद्योगही आरंभील तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण आपल्या कपाटात जे गाणे आहे त्याला हिऱ्याच्या पडद्याची गरज आहे काय? १९२५ पूर्वीच्या, कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्यांत दोन-अडीच हजार कंपनांच्या वर फारसे काही उमटलेले नाही. विजेच्या मुद्रणानंतर मर्यादा वाढली तरी पाचेक हजारांच्या वर बहुतेक खरखरच. ट्वीटर जितका तल्लख तितकी ही खरखर शुभ्र. ज्यांचे ऐकणे मुख्यतः जुन्या तबकड्यांचे, त्यांनी तल्लखपणापेक्षा मधल्या सप्तकांचा सरळपणा पाहावा. आणि ॲम्प्लिफायरला ट्रेबल कमी करण्याचे बटण अवश्य असू द्यावे. हल्लीचे शुद्धतावादी असे बटण असणे कमीपणाचे मानतात. त्यांनी अठ्ठ्याहत्तरची तबकडी ऐकलेली नसावी.

या बटणाचे महत्त्व मला पुरते पटले ते नानपुऱ्यातल्या एका घरी. घरातल्या आजी चौऱ्याऐंशीच्या. नातू इंजिनिअर, विशी नुकती ओलांडलेला. घरातली जोडी आजोबांनी घेतलेली, आणि तिच्या गोडव्याची कीर्ती सगळ्या नातलगांत. नातवाला ती बदलायची होती. आजींचे म्हणणे एकच, "माझ्या माघारी काय ते करा." आधी दुरुस्ती करून पाहू या, असे मी सुचवले. कारागिराने जाळी काढली तेव्हा फोमची कड विटलेली निघालीच. शिवाय डाव्या पेटीतल्या ट्वीटरची तार सुटलेली होती आणि उजव्यातला अर्धामुर्धाच वाजत होता. किती वर्षांपासून, कोण जाणे! म्हणजे ज्या गोडव्याचे सगळे कौतुक करीत आले, तो वरचे स्वर मुके झाल्याचा गोडवा होता.

दुरुस्त होऊन जोडी परत आली. हिराबाईंची एक जुनी तबकडी लावली. आजींच्या कपाळाला आठी पडली.

"मास्तर, बाईंचा आवाज चिरका झाला हो."

"आजी, पण हाच खरा आहे. आधीचा दबलेला होता," नातू म्हणाला.

"खरा मी समोर बसून ऐकलाय. तू नाही."

यावर नातवाजवळ उत्तर नव्हते, आणि माझ्याजवळही नव्हते. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. वय वाढले की कान प्रथम वरच्या कंपनांना मुकतो. विशीतल्या मुलाला पंधरा-सोळा हजार कंपनांची शीळ ऐकू येते. ऐंशी ओलांडलेल्याला आठ हजारांच्या पलीकडचे बहुधा काहीच नाही. परंतु दुरुस्त झालेला ट्वीटर तीन हजारांपासून बोलू लागतो, म्हणजे आजींच्या कानाच्या टप्प्यातच. त्यांना जो चिरकेपणा जाणवला तो हिराबाईंचा नव्हता, तबकडीच्या घासण्याचा होता. पण एवढ्या वर्षांनी तो प्रथमच स्वराला चिकटून ऐकू आला. मी ट्रेबलचे बटण हळूहळू मागे फिरवू लागलो. एका जागी आजींनी हात वर केला. "बस, इथे." नातवाने मान हलवली. त्याला ते अजून झाकलेलेच वाटत होते. मग त्याच जोडीवर अलीकडच्या एका मैफलीचे मुद्रण लावले, बटण सरळ केले, आणि जवारी अशी काही उजळली की आजीही सरसावून बसल्या.

पुढे नातवाने स्वतःच्या पगारातून दिवाणखान्यासाठी बंद पेटीची मध्यम आकाराची नवी जोडी घेतली. तीन रविवार चार जोड्या तंबोऱ्याशी ताडून पाहिल्या. खर्चाच्या दृष्टीने ती दुसऱ्या क्रमांकाची निघाली, कानाच्या दृष्टीने पहिल्या. जुनी जोडी आजींच्या खोलीत गेली. तिच्या ॲम्प्लिफायरवर, ट्रेबलच्या बटणाच्या कडेला, घरातल्या कुणीतरी नखे रंगवण्याच्या लाल रंगाचा एक ठिपका दिला आहे. तबकडी लावण्यापूर्वी बटण त्या ठिपक्यावर आणायचे, असा घरात दंडक आहे, आणि तो नातूही पाळतो.